पाकीट नको, हे सांगायचं कसं?

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत): पत्रलेखिका एमबीबीएस आहेत. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी सासऱ्यांचा जुना दवाखाना आहे, तिथे त्या वर्षभरापासून बसतात. सासरे अजूनही सकाळी दोन तास पेशंट बघतात. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका स्कॅन सेंटरचा मुलगा रिपोर्टांच्या गठ्ठ्याबरोबर खाकी पाकीट देऊन जातो. आत रोख पैसे आणि एक चिठ्ठी: पेशंटची आद्याक्षरं, तपासणीचं नाव, तारीख आणि पुढे पेन्सिलीने लिहिलेला आकडा. आजवर हे पाकीट सासऱ्यांच्या नावाने यायचं. आता सूनबाईंच्या नावाने वेगळं येऊ लागलंय आणि अशी तीन पाकिटं त्यांच्या ड्रॉवरमध्ये पडून आहेत. सासरे म्हणतात, "ही रीतच आहे. मी कधी गरज नसताना तपासणी सांगितली नाही." पती सुचवतात की पैसे घे आणि गरीब पेशंटच्या औषधांना वापर. पत्रलेखिकेला रात्री झोप लागत नाही. नाही म्हटलं तर बाबांचा अपमान होईल, सेंटर रिपोर्ट लटकवेल, गावातल्या इतर डॉक्टरांत आपण एकटे पडू, असं त्यांना वाटतं. नियम नक्की काय सांगतात आणि त्यातून मार्ग कसा काढायचा, असा त्यांचा प्रश्न आहे.

डॉक्टर,

तुम्ही ती पाकिटं खर्चलीही नाहीत आणि परतही केली नाहीत. मन कुठे अडलंय ते यावरून दिसतं. तुमच्या घरात वाईट माणूस कोणीच नाही. बाबा खोटं बोलत नाहीत, तुमचे पती कोणाला फसवायला निघालेले नाहीत. म्हणूनच हा प्रश्न तुम्हाला इतका जड जातोय.

आधी नियमाचं सांगते, कारण त्यात शंकेला जागा नाही. आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांना भारतीय वैद्यक परिषदेची २००२ ची आचारसंहिता लागू आहे. त्या परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवी नियमावली काढली आणि त्याच महिन्यात ती स्थगित केली, त्यामुळे पुन्हा २००२ चेच नियम चालू आहेत. त्यातलं कलम ६.४ म्हणतं की पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरने कमिशन, भेट, बोनस, काहीही द्यायचं नाही, मागायचं नाही, घ्यायचं नाही. पुढच्याच पोटकलमात तपासणीसाठी पाठवलेल्या नमुन्यांनाही हेच लागू केलंय, म्हणजे रक्ताच्या बाटलीवरचा कट, म्हणजे कमिशनही, त्यात आलं. राज्याची मेडिकल कौन्सिल ताकीद देऊ शकते, ठरावीक मुदतीसाठी किंवा कायमचं नाव नोंदवहीतून काढू शकते. नोंदणी करताना हे नियम वाचले आणि पाळीन, अशी सही तुम्हीही केली आहे. ती सही तुमची एकटीची आहे. दवाखान्याची नाही, घराण्याची नाही.

आता या कोंडीत तुम्ही जे गृहीत धरलंय, त्याकडे येते.

पहिलं गृहीतक बाबांचं आहे आणि तुम्हीही ते मनोमन मान्य केलंय: तपासणी गरजेचीच होती, मग पेशंटचं नुकसान काय? तुमच्याच चिठ्ठीतली एक ओळ घ्या. सोनोग्राफी, समोर तीनशे. ते तीनशे सेंटरच्या मालकाने पदरचे दिलेले नाहीत. पोटात दुखतंय म्हणून एसटीने जिल्ह्याला गेलेल्या, त्या दिवशीची मजुरी बुडवलेल्या बाईच्या बिलातच ते धरलेले होते. तिला कोणी विचारलं नाही, सांगितलंही नाही. तपासणी शंभर टक्के गरजेची असली तरी तीनशे रुपये तिने जास्तीचे मोजले. नुकसान तिथेच झालं.

शिवाय गरज आहे की नाही, हा एकच प्रश्न नसतो. कुठे पाठवायचं, हाही असतो. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सोय आहे का, दुसऱ्या सेंटरचा रेडिओलॉजिस्ट जास्त बारकाईने बघतो का, हे दर वेळी मनात यायला हवं. महिन्याला पाकीट येत असलं की हात आपोआप एकाच सेंटरच्या पॅडकडे जातो. जी सेंटरं बिलातला मोठा हिस्सा वाटण्यात घालवतात, ती कुठेतरी काटकसर करणारच. पॅथॉलॉजीत 'सिंक टेस्ट' म्हणतात तो प्रकार तुम्ही ऐकला असेल: नमुना बेसिनमध्ये ओतायचा आणि नॉर्मलचे आकडे छापायचे. सगळीकडे असं चालतं, असं मी म्हणत नाही. पण स्वस्त पॅकेज, भरघोस कट आणि चोख तपासणी या तिन्ही गोष्टी एका बिलात बसत नाहीत.

आणि गरजेची रेषाही हळूहळू सरकते. साध्या कंबरदुखीत पायातली ताकद कमी होणं, लघवीवरचा ताबा जाणं, ताप, विनाकारण वजन घटणं अशी धोक्याची चिन्हं नसतील तर पहिले काही आठवडे एमआरआयची गरज नसते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण पेशंट म्हणतो, "एकदा काय तो फोटो काढूनच टाका." अशा वेळी थांबा म्हणायला, समजावून सांगायला दहा मिनिटं जातात आणि चिठ्ठी लिहायला अर्धं मिनिट पुरतं. या दोन्हींमधून निवडताना तराजूत तिसरं काहीही असू नये. बाबा सचोटीचे आहेत, त्यांनी ही रेषा सांभाळली असेल. तरी आपली रेषा सरकली आहे का, हे स्वतःला सांगता येतं, यावर माझा विश्वास नाही. म्हणूनच हा नियम डॉक्टरच्या हेतूबद्दल काही विचारत नाही, घेऊच नका म्हणतो.

दुसरं गृहीतक तुमच्या पतींचं आहे. त्यांचा हेतू चांगला आहे, पण हा मार्ग मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. गरीब पेशंटचा निधी! पैसे त्या मजूर बाईचे, तिच्या नकळत घेतलेले, आणि दान तुमच्या नावावर. एकदा असा निधी सुरू झाला की पाकीट थांबवायला मन धजत नाही, उलट ते जाड व्हावंसं वाटू लागतं, कारण आता त्यामागे पुण्य आहे. हिशेब कोण तपासणार? रोख आलेले पैसे इन्कम टॅक्सला कसे दाखवणार? गरिबांना मदत करायची असेल तर जरूर करा, स्वतःच्या फीमधून सूट देऊन करा.

तिसरं गृहीतक भीतीचं आहे आणि ते जरा नीट तपासायला हवं. तुम्ही लिहिता, "इथे राहायचं तर सगळ्यांसारखं वागावं लागतं." हे वाक्य नव्याने हॉस्पिटल टाकलेल्या सर्जनने लिहिलं असतं तर मला त्याची अडचण समजली असती. त्याच्या डोक्यावर कर्ज असतं, पेशंट जीपीकडून (जनरल प्रॅक्टिशनरकडून) येतात आणि कट दिला नाही तर ऑपरेशन थिएटर रिकामं राहतं. तुमचं तसं नाही. पेशंट तुमच्याकडे थेट येतात, बाबांच्या नावाने, शेजारणीने सांगितलं म्हणून, मुलाचा ताप उतरला म्हणून. तुम्ही देणाऱ्या बाजूला नाही, घेणाऱ्या बाजूला आहात. नाही म्हटल्याने तुमचा एकही पेशंट कमी होत नाही. या सगळ्या साखळीत नकार सगळ्यात स्वस्त जीपीलाच पडतो. सेंटरला तुमची गरज आहे, तुम्हाला त्या सेंटरची तितकी नाही.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तुम्हाला माहीत असतीलच. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी दाखवला, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडेही एकदा असाच पैसा आला होता, एमआरआयसाठी पेशंट पाठवल्याबद्दल १२०० रुपयांचा चेक. त्यांनी थेट मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. ते काही मोठ्या शहरातल्या कॉर्पोरेट हॉस्पिटलात बसत नव्हते, तुमच्यासारखेच तालुक्याच्या गावी होते. त्यानंतरही त्यांच्याकडे पेशंट येतच राहिले.

आता बाबा. पत्रातला सगळ्यात हळवा भाग हाच आहे. बाबांनी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हाचं गाव डोळ्यांसमोर आणा. फी इतकी कमी की ती घेतली काय नि नाही काय. अर्धे पेशंट उधारीवर, सुगी झाली की देऊ म्हणणारे. नुसतं तपासून सल्ला दिला तर लोकांना पैसे कशाचे ते कळत नसे, सुई टोचली तरच डॉक्टरने काही केलं असं वाटे. त्या तुटपुंज्या फीची भरपाई कुठूनतरी होत गेली आणि त्याची रीत झाली. हे समजून घेता येतं. पण ती रीत तुम्ही पुढे चालवायलाच हवी, असं त्यातून निघत नाही.

त्यांच्याशी बोलताना त्यांच्या चाळीस वर्षांचा निवाडा करू नका. "तुम्ही चुकलात" हे वाक्य या संभाषणात लागतच नाही. स्वतःपुरतं बोला: "बाबा, माझ्या रजिस्ट्रेशन नंबरवर जे पेशंट जातात, त्यांचं पाकीट मला नको. सेंटरला मी लेखी कळवतेय. तुम्हाला बाहेरून कळण्याआधी मीच सांगावं म्हणून बोलले." हे सकाळची ओपीडी आटोपल्यावर दोघांतच बोला. जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर नको. कदाचित ते रागावतील. कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. पण सुनेने आपल्याला न विचारता आपल्याच ओळखीच्या सेंटरला पत्र पाठवलं, हे त्यांना तिसऱ्याकडून कळलं तर ती जखम जास्त खोल जाईल. स्वतःची पाकिटं त्यांनी थांबवावीत का, तो निर्णय त्यांचा आहे. मला विचाराल तर थांबवावीत. पण त्यासाठी त्यांच्यामागे लागू नका. तुमच्या वागण्यातून त्यांना जे उमगायचं ते उमगेल.

यासाठी एक साधी गोष्ट लगेच करा. तुमचं लेटरपॅड वेगळं छापून घ्या, त्यावर फक्त तुमचं नाव आणि तुमचा नोंदणी क्रमांक. प्रिस्क्रिप्शनवर आणि पावतीवर नोंदणी क्रमांक असणं नियमानेही बंधनकारक आहे. आज तुम्ही दोघं एकच पॅड वापरता, त्यामुळे कोणता पेशंट कोणी पाठवला हे सेंटरच ठरवतं. उद्या काही विचारणा झाली तर तुमच्याकडे दाखवायला काहीच नसेल.

सेंटरला पत्र लिहायचं ते छोटं असू द्या, रागाचं नको. मी असं लिहीन: "माझ्याकडून आलेल्या रुग्णांबद्दल मला कोणत्याही स्वरूपात कमिशन देऊ नये. तेवढी रक्कम रुग्णाच्या बिलातच कमी करावी आणि ती सवलत बिलावर दाखवावी. यापूर्वी माझ्या नावे आलेल्या रकमेपैकी जी मी रुग्णांना थेट देऊ शकले नाही, ती सोबतच्या यादीप्रमाणे परत करत आहे, ती संबंधित रुग्णांना द्यावी." दोन प्रती करा, एकीवर तारखेसह पोच घ्या. पाकीट घेऊन येणाऱ्या मुलाशी वाद घालू नका, तो पगारावर काम करतो. यापुढच्या प्रत्येक चिठ्ठीवर खाली एक ओळ लिहा: "कमिशन नको, रुग्णास सवलत द्यावी." आणि पेशंटलाही ती ओळ वाचून दाखवा. बिल कमी झालं की नाही हे तोच तुम्हाला येऊन सांगेल. असं लिहिणारे डॉक्टर महाराष्ट्रात आहेत, तुम्ही पहिल्या नाही.

ड्रॉवरमधल्या तीन पाकिटांबद्दल मी बराच वेळ विचार केला. सेंटरला परत दिले तर मालक ते खिशात घालू शकतो, ही तुमची शंका रास्त आहे. दान केले तर काय होतं, ते वर लिहिलंच आहे. माझ्या मते आद्याक्षरांवरून जे पेशंट तुमच्या केसपेपरमध्ये सापडतात आणि ज्यांचं तुमच्याकडे येणंजाणं आहे, त्यांना तुम्हीच परत द्या. "सेंटरकडून तुमच्या बिलात सवलत निघाली" इतकं सांगितलं तर ते अर्धसत्य होईल, म्हणून स्पष्ट सांगा: "हे पैसे मला मिळाले होते, ते तुमचे आहेत, मी घेत नाही." गावात चर्चा होईल, आणि लोक विचारतील, "मग बाबांना किती मिळत होते?" त्याचीही तयारी ठेवा. म्हणूनच हे बाबांशी बोलल्यानंतरच करायचं. जे पेशंट सापडणार नाहीत त्यांचे पैसे यादीसह सेंटरला परत द्या आणि पोच घ्या.

तक्रार करावी का, हेही तुम्ही विचारलंय. आचारसंहितेत असं म्हटलंय की व्यवसायातलं अनैतिक वर्तन डॉक्टरने कोणाची भीड न ठेवता उघड करावं. मी तुम्हाला आजच तक्रार करा असं म्हणणार नाही. आधी लेखी नकार द्या. त्यानंतरही पाकीट आलं तर पुरावा तुमच्या हातात असेल आणि तेव्हा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे जाताना तुमची बाजू स्वच्छ असेल. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा: कौन्सिलचा अधिकार नोंदणीकृत डॉक्टरवर चालतो, डॉक्टर नसलेल्या सेंटरमालकावर नाही. ही फट बुजवायला राज्य सरकारने २०१७ मध्ये माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार करून घेतला. मसुदा झाला, कायदा झाला नाही. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण तोवर सगळा भार तुमच्यासारख्या एकेकट्या डॉक्टरच्या हिमतीवर पडतो.

पैशाचं काय? पाकिटं थांबली की महिन्याच्या मिळकतीत खड्डा पडेल, तो मान्य करा आणि उघडपणे भरून काढा. तुमची तपासणी फी वाढवा. फी किती ते दवाखान्यात बोर्डावर लावा, नियमालाही तेच अपेक्षित आहे. पहिले काही दिवस कुरकुर होईल. पण माझा अनुभव असा की ज्या डॉक्टरने नीट तपासलं, आजार समजावून सांगितला आणि "तपासणी आत्ता नको" असं म्हणून हजारो रुपये वाचवले, त्याला पन्नास रुपये जास्त द्यायला लोक खळखळ करत नाहीत. तुमच्या ज्ञानाची किंमत पेशंटने तुम्हाला समोरासमोर द्यावी, यात कमीपणा काहीच नाही.

हे पत्र वाचणाऱ्या तरुण सर्जन आणि कन्सल्टंट मंडळींसाठी थोडं. तुमचा रस्ता या डॉक्टरांपेक्षा खडतर आहे, हे मला कळतं. पेशंट पाठवणाऱ्या जीपीला पाकिटाऐवजी दुसरं काही देता येतं: ऑपरेशनच्या दिवशीच फोन, डिस्चार्जच्या वेळी सविस्तर पत्र, पेशंट परत त्यांच्याकडेच पाठवणं, रात्री शंका आली तर फोन उचलणं. प्रॅक्टिस सुरू केल्याची साधी जाहीर सूचना वर्तमानपत्रात देणं नियमांत बसतं, पेशंट आणणारे दलाल नेमणं बसत नाही, मग त्याला पीआरओ म्हणा नाहीतर आणखी काही. आणि शक्य असेल तर सुरुवातीचं कर्ज लहान ठेवा. हप्ता मोठा असला की पहिल्याच वर्षी माणूस वाकतो.

पेशंट म्हणून हे वाचत असाल तर एवढंच: तपासणी कुठे करायची आणि औषध कुठून घ्यायचं हे ठरवण्याचा हक्क तुमचा आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो स्पष्ट लिहिला आहे. "डॉक्टर, ही तपासणी दुसरीकडे केली तर चालेल का?" असं विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगला डॉक्टर चालेल म्हणेल, किंवा का चालणार नाही याचं कारण देईल.

शेवटी रिपोर्टांची तुमची भीती. त्या सेंटरने खरंच टाळाटाळ सुरू केली तर दुसरी सोय आधीच हाताशी असू द्या. जिल्ह्याच्या ठिकाणची आणखी दोन सेंटरं स्वतः जाऊन बघा, रिपोर्ट कोण लिहितं ते विचारा. रक्ताच्या लॅबबाबत एमडी पॅथॉलॉजिस्ट खरोखर तिथे बसतो का, की नुसती सही छापलेली असते, ते पाहा. रिपोर्टवर पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं आहे. स्वतःचंच रक्त दोन नावांनी एकाच लॅबला देऊन बघा, दोन रिपोर्ट जुळले नाहीत तर काय ते समजा. ज्यांना बिल परवडत नाही त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात पाठवा. सरकारी दवाखान्यांतून महालॅब या सरकारी योजनेमार्फत रक्ताच्या बऱ्याच तपासण्या मोफत होतात, पण आपल्याकडचे कित्येक खासगी डॉक्टर पेशंटला ते सांगतच नाहीत. नमुने कोणत्या दिवशी गोळा होतात आणि रिपोर्ट कधी मिळतो, हे तिथल्या टेक्निशियनला एकदा विचारून घ्या आणि तो कागद तुमच्या टेबलाच्या काचेखाली ठेवा.